कान साथ देईनात म्हणून एडिसन दातांनी गाणी ऐकायचा. आज वाघोलीत पळणारी पोरं तीच आयडिया हेडफोनमध्ये वापरतायत

सकाळी सहाचा सुमार. वाघोलीत केसनंद फाट्याच्या आसपास नगर रस्त्याच्या कडेनं पळणारं पब्लिक दिसायला लागतं. कुणी आयटीवाला, कुणी भरतीची तयारी करणारा, कुणी डॉक्टरांनी साखर सांगितली म्हणून नाइलाजानं बाहेर पडलेले काका. बाजूनं खडीचे डंपर धडधडत जातायत, पीएमपीएमएल ब्रेक मारतीये, मधूनच लोहगावला उतरणारं विमान डोक्यावरून जातंय.

या गर्दीत हल्ली काही जणांच्या कानात काहीच नसतं, पण गाणं मात्र चालू असतं. नीट बघितलं तर कळतं की कानाच्या पुढं, गालाच्या हाडावर बटणाएवढा एक तुकडा टेकलेला असतो आणि मानेमागून एक पट्टी गेलेली असते. कानाचं भोक मोकळं. मागून हॉर्न वाजला तर ऐकू येणार आणि गाणंही सुटणार नाही.

याला ओपन-इअर हेडफोन म्हणतात आणि त्यातला हा हाडावर टेकणारा प्रकार म्हणजे बोन कंडक्शन. दुकानदार सांगतो लेटेस्ट टेक्नॉलॉजी आहे. पण हाडातून गाणं ऐकण्याचा उद्योग शंभर वर्षांपूर्वी एका बहिऱ्या म्हाताऱ्यानं घरच्या पियानोला चावून केला होता. त्या म्हाताऱ्याचं नाव थॉमस अल्वा एडिसन.

एडिसन म्हटलं की आपल्याला बल्ब आठवतो. शाळेच्या भिंतीवरचा तो फोटो आणि हजार वेळा हरूनही हार न मानण्याची गोष्ट. पण आवाज साठवून परत ऐकवणारं पहिलं मशीन ज्यानं बनवलं, त्या माणसाला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं मिलान नावाचं छोटं गाव. सात भावंडांत हा सगळ्यात धाकटा. पुढं घर मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला गेलं. शाळेत पोरगं फार काळ टिकलंच नाही. आई नॅन्सी आधी शिक्षिका होती, तिनंच मग घरी शिकवलं.

१८५९ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी तो रेल्वेत पेपर आणि गोळ्या-बिस्किटं विकायला लागला. पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट, रोजची फेरी. आपल्याकडं पुणे-दौंड लोकलमध्ये चिक्की विकणारी पोरं असतात ना, तसंच. फरक इतकाच की या पोरानं सामानाच्या डब्यात स्वतःची छोटी प्रयोगशाळा टाकली होती, आणि पुढं त्याच डब्यात छापखाना टाकून स्वतःचा साप्ताहिक पेपरही काढला.

याच काळात त्याचे कान गेले.

कसे गेले यावर मात्र दोन-तीन किस्से आहेत. सगळ्यात गाजलेला असा की डब्यात रसायनं सांडून आग लागली, कंडक्टरनं चिडून कानाखाली जाळ काढला आणि पोरगं बहिरं झालं. स्वतः एडिसननं नंतर वेगळीच कथा सांगितली. धावत्या गाडीत चढताना एकानं त्याला कान धरून वर ओढलं आणि कानात काहीतरी तुटल्यासारखं झालं. पण त्याचा अभ्यास करणारे बरेच जण या दोन्ही गोष्टींवर फार भरवसा ठेवत नाहीत. लहानपणी त्याला स्कार्लेट फीवर झाला होता आणि कानात वारंवार इन्फेक्शन व्हायचं. कान तिथंच गेले असावेत, थपडेवर बिल फाडायला लोकांना आवडतं एवढंच.

१८६२ मध्ये एका स्टेशनवर त्यानं रुळावर आलेल्या स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला वाचवलं. मास्तरकडं बक्षीस द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं एडिसनला तारायंत्र शिकवलं. हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा टर्न. तारेचं काम म्हणजे कडकट्ट, कडकट्ट. लोखंडी पट्टीचा आवाज ऐकायचा आणि त्यातून अक्षरं उतरवायची. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला हे काम जमेल कसं, असं आपल्याला वाटेल. झालं उलटंच. शेजारच्या टेबलावरची यंत्रं, ऑफिसातल्या गप्पा, रस्त्यावरचा गोंधळ यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचायचं नाही. समोरच्या यंत्राची टकटक तेवढी पोचायची. आज लोक वीस-पंचवीस हजार मोजून नॉइज कॅन्सलेशनचे हेडफोन घेतात, एडिसनला ते फुकटात मिळालेलं. बहिरेपणामुळं आपलं लक्ष विचलित होत नाही, असं तो आयुष्यभर सांगत राहिला.

पुढचं सगळं वेगात झालं. १८६९ मध्ये पहिलं पेटंट, मग न्यूयॉर्क, शेअर बाजाराचे भाव छापणारी यंत्रं, त्यातून आलेला पैसा, १८७१ मध्ये मेरी स्टिलवेलशी लग्न आणि १८७६ मध्ये न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला स्वतःची प्रयोगशाळा. पहिल्या दोन पोरांची घरातली नावं डॉट आणि डॅश ठेवली होती, तारेतल्या टिंब आणि रेघेवरून. यावरून गडी कामात किती बुडालेला होता याचा अंदाज येतो.

१८७६ मध्येच अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचा टेलिफोन आला. पण आवाज इतका बारीक यायचा की पलीकडच्याला ओरडावं लागायचं. एडिसनला तर तो जवळपास ऐकूच यायचा नाही. मग त्यानं बोलण्याच्या बाजूला दाबलेल्या काजळीची म्हणजे कार्बनची गोळी बसवली. आवाजाच्या दाबानं कार्बनमधून जाणारी वीज कमी-जास्त होते, त्यामुळं आवाज दमदार आणि लांबवर जातो. याच तत्त्वावरचे कार्बनचे माइक पुढं शंभर वर्षं टेलिफोनमध्ये टिकले. आजोबांच्या घरी काळा डायलवाला फोन असेल तर त्याच्या रिसीव्हरमध्ये, बोलायच्या बाजूलाही कार्बनचे कणच होते.

याच खटपटीत फोनोग्राफ सापडला. कान धड नसल्यानं एडिसन आवाज तपासायला बोटं वापरायचा. १८७७ च्या उन्हाळ्यात त्यानं टेलिफोनच्या पातळ पडद्याला एक टोकदार सुई लावली, समोरून ओरडला आणि सुई बोटाला कशी टोचते ते बघितलं, असं सांगितलं जातं. आवाज जर बोटाला टोचू शकतो तर तो कागदावर किंवा पत्र्यावर ओरखडाही काढू शकतो. आणि ओरखडा असेल तर त्यावरून सुई परत फिरवली की आवाज परत यायला पाहिजे.

जॉन क्रुएसी नावाच्या त्याच्या मिस्त्रीनं यंत्र बनवलं. कथिलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला एक दंडगोल आणि हातानं फिरवायचा दांडा. एडिसननं त्यात लहान पोरांची एक बडबडगीताची ओळ म्हटली आणि मशीननं ती परत म्हणून दाखवली. डिसेंबर १८७७ ची ही गोष्ट. १९ फेब्रुवारी १८७८ ला पेटंट मिळालं. एप्रिलमध्ये थेट व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांच्यासमोर प्रयोग झाला. तोवर जगात कुणी आवाज साठवून परत ऐकला नव्हता. एडिसनच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंट झाली, पण त्याचं स्वतःचं लाडकं लेकरू शेवटपर्यंत हेच.

मग तो बल्बच्या मागं लागला, १८७९ मध्ये बल्ब, १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीज केंद्र. ती गोष्ट सगळ्यांना माहितीये, सोडून देऊ.

१८८४ मध्ये मेरी वारली. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८८६ मध्ये एडिसननं मीना मिलरशी लग्न केलं. किस्सा असा की त्यानं तिला आधी मोर्स कोड शिकवला आणि मग तिच्या तळहातावर बोटानं टकटक करून लग्नाचं विचारलं. तिनंही टकटक करूनच हो म्हटलं. पुढं नाटकाला गेल्यावर मीना स्टेजवरचे संवाद त्याच्या गुडघ्यावर मोर्समध्ये वाजवून सांगायची. रोमँटिक वाटतं खरं, पण विचार करा, अख्खं नाटक कुणीतरी बोटानं आपल्याला सांगणं म्हणजे बायकोला तिचं स्वतःचं नाटक किती बघायला मिळालं असेल.

१८८८ मध्ये मेणाच्या दंडगोलावर चालणारा सुधारलेला फोनोग्राफ आला. आणि इथं आपला हेडफोनचा विषय सुरू होतो.

त्या काळी आवाज मोठा करणारी वीज-यंत्रणा नव्हती. फोनोग्राफचा आवाज लहान. त्यामुळं डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारख्या रबरी नळ्या कानात घालून गाणं ऐकायचं. नोव्हेंबर १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या पॅले रॉयल नावाच्या सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, लुई ग्लास नावाच्या माणसानं नाणं टाकून चालणारा फोनोग्राफ ठेवला. एका मशीनला चार नळ्या, प्रत्येक नळीला पाच सेंट. चार अनोळखी माणसं एकाच खोक्याभोवती कानात नळ्या खुपसून उभी, आणि बाकीच्यांना ढिम्म काही ऐकू येत नाही. आजच्या मेट्रोच्या डब्यातलं चित्र १३० वर्षांपूर्वीच तयार झालेलं.

दुसरी सोय होती कर्ण्याची. कर्णा लावला की अख्ख्या खोलीनं ऐकायचं. घराघरात शेवटी कर्णाच जिंकला. आपल्याकडंही नाट्यसंगीताच्या तबकड्या माजघरात सगळ्यांनी मिळूनच ऐकल्या. म्हणजे कान बंद करून एकट्यानं ऐकायचं की कान मोकळे ठेवून, हा वाद हेडफोनच्या जन्माआधीपासूनचा आहे.

१९१२ मध्ये एडिसनच्या कंपनीनं हिऱ्याच्या सुईवर चालणारी जाड तबकडी बाजारात आणली, डायमंड डिस्क. आवाज त्या काळात खरंच भारी होता. पण कुणाचं गाणं रेकॉर्ड करायचं, कुणाचं नाही, हे मालक स्वतः ठरवणार. आणि मालकाला तोवर जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. कानामागच्या हाडाच्या शस्त्रक्रियाही होऊन गेल्या होत्या.

मग तो ऐकायचा कसा? तर फोनोग्राफच्या खोक्याला डोकं टेकवून. तरीही नीट कळलं नाही तर त्याच्या लाकडात दात रोवून. घरी कुणी पियानो वाजवत असेल तर पियानोचं लाकूड दातात धरायचा. लाकूड थरथरतं, ती थरथर दातांतून जबड्यात, जबड्यातून कवटीत आणि कवटीतून थेट आतल्या कानात.

१९१३ मध्ये मारिया माँटेसरी अमेरिकेत आल्या होत्या. त्याच बाई, ज्यांच्या पद्धतीवरून प्रेरणा घेऊन पुढं ताराबाई मोडकांनी आपल्याकडं बालवाडीचं काम उभं केलं. एडिसनच्या घरी त्यांनी या म्हाताऱ्याला संगीत ऐकण्यासाठी पियानो चावताना बघितलं आणि त्यांना रडूच आलं, अशी आठवण एडिसनच्या मुलीनं सांगून ठेवलीये.

यामागचं विज्ञान समजायला लॅब लागत नाही, व्हॉट्सअ‍ॅप पुरतं. स्वतःची व्हॉइस नोट ऐकली की आपला आवाज किती चिरका आहे असं वाटतं ना? कारण एरवी आपण स्वतःचा आवाज दोन रस्त्यांनी ऐकतो. एक हवेतून कानात आणि दुसरा कवटीच्या हाडातून. हाडातून खालचे, जाड सूर चांगले येतात. रेकॉर्डिंगमध्ये हाडाचा रस्ता नसतो, म्हणून आवाज पातळ वाटतो.

हवेतला आवाज कानाच्या भोकातून पडद्यावर, तिथून तीन चिमुकल्या हाडांवर आणि मग आत शंखासारख्या कॉक्लियात पोचतो. अडचण पडद्यात किंवा त्या हाडांत असेल तर हा रस्ता बंद होतो, पण कॉक्लिया शाबूत असेल तर कवटीचा बायपास चालू राहतो. कान-नाक-घशाचे डॉक्टर आजही धातूचा चिमटा वाजवून आधी कानामागच्या हाडावर आणि मग कानासमोर धरतात, ती हाइनरिख रिने या जर्मन डॉक्टरनं १८५५ मध्ये सांगितलेली तपासणी याच दोन रस्त्यांची असते. १९७७ पासून स्वीडनमध्ये कवटीच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र लावायलाही सुरुवात झाली. पळताना घालायचे हेडफोन ही त्याच घराण्यातली धाकटी पाती.

आता वाघोलीच्या रस्त्यावर परत येऊ, कारण दुकानात ओपन-इअर म्हटलं की एकच गोष्ट मिळत नाही. हाडावर टेकणारे वेगळे आणि कानावर अडकवायचे, भोकासमोर बारीक स्पीकर धरणारे वेगळे. दुसऱ्या प्रकारात आवाज हवेतूनच जातो. त्याचा आवाज आणि बेस बऱ्यापैकी बरा असतो, पण शांत जागी शेजारच्यालाही थोडं ऐकू जातं. हाडावरच्या प्रकारात बेस कमी, आवाज वाढवला की गालाला गुदगुल्या होतात, पण पळताना हलत नाही. मानेमागची पट्टी मात्र लांब केसांत, जर्किनच्या कॉलरमध्ये आणि जिममध्ये बेंचवर आडवं पडलं की नडते. चष्मा असेल तर दुकानातच चष्म्यासकट घालून बघितलेलं बरं, कानावर दोघांचीही काडी बसायची असते.

घामाचं रेटिंग बघावं. आयपी५५ असेल तर घाम आणि पावसाच्या सरी चालतात. पोहायचं असेल तर पाण्यात बुडवता येणारा आणि गाणी स्वतःमध्येच साठवणारा घ्यावा लागतो, कारण ब्लूटूथ पाण्याखाली इंचभर गेलं की दम तोडतं.

पण सगळ्यात मोठा गैरसमज वेगळाच आहे. कानात काही घालत नाही म्हणजे कानाला धोका नाही, असं बरेच जण धरून चालतात. आवाज हवेतून येवो की हाडातून, शेवटी तो त्याच कॉक्लियात जातो आणि तिथल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की मोठ्या माणसानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलला ही मुदत फक्त ४ तासांवर येते. दहाच डेसिबल वाढले की तास एकदम दहा पटीनं कमी.

नगर रस्त्यावर हेच होतं. ओपन-इअरमध्ये बाहेरचा आवाज अडत नाही, डंपर गेला की गाणं बुडतं, मग हात आपोआप व्हॉल्यूमवर जातो. डंपर पुढं जातो, व्हॉल्यूम तिथंच राहतो. त्यामुळं हे हेडफोन सोसायटीच्या ट्रॅकवर, वाघेश्वर मंदिराच्या बाजूला सकाळच्या शांततेत किंवा घरात काम करता करता जेवढे शोभतात, तेवढे भर ट्रॅफिकमध्ये नाहीत. रस्त्यावर गाण्यापेक्षा पॉडकास्ट किंवा फोन कॉल बरा, एखादं वाक्य बुडालं तर बुडालं. फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूमची मर्यादा लावायची सोय असते, ती घरी बसून लावून टाकली की भांडण मिटतं. आणि सलग अर्धा-पाऊण तास विमानात किंवा बसमध्ये ऐकायचं असेल तर साधे कान झाकणारे हेडफोन कमी व्हॉल्यूममध्ये ऐकणं कानाला जास्त परवडतं.

एडिसनकडं यातला काहीच पर्याय नव्हता, आणि त्याचं नुकसान त्याच्या धंद्याला झालं. दातातून ऐकल्यावर त्याला सुरांतली थरथर, गायकाचा श्वास, बारीक चूक असल्या गोष्टी खटकायच्या असं त्याचं म्हणणं. थरथरत्या आवाजात गाणारे भले भले गायक त्यानं नापास केले. साधी, सरळ भावगीतं त्याला आवडायची आणि जॅझ तर अजिबात नाही. सुरुवातीच्या तबकड्यांवर कलाकाराचं नावही तो धड छापू देत नव्हता, लोकांनी मशीनसाठी तबकडी घ्यावी अशी त्याची समजूत. १९१९ मध्ये रशियाचा मोठा पियानोवादक आणि संगीतकार रखमानिनॉफ त्याच्याकडं रेकॉर्डिंग करून गेला. एडिसनला त्याचं वाजवणं काही रुचलं नाही. रखमानिनॉफ सरळ प्रतिस्पर्धी व्हिक्टर कंपनीकडं गेला आणि मरेपर्यंत तिथंच रेकॉर्ड करत राहिला.

दुसरीकडं त्याच एडिसनच्या कंपनीनं १९१५ पासून अमेरिकाभर टोन टेस्ट नावाचे प्रयोग लावले. स्टेजवर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मधेच दिवे घालवायचे आणि गायिका कधी गाते, मशीन कधी गातं हे प्रेक्षकांनी ओळखायचं. हजारो लोक फसले. मशीन जिवंत माणसासारखं गातंय हे अख्ख्या देशाला पटवलं, आणि ज्यानं ते बनवलं त्याला ते लाकूड चावल्याशिवाय कळत नव्हतं.

१९२० नंतर रेडिओ आला. एडिसनला तो आवडला नाही, त्यातला आवाज विकृत वाटतो म्हणून त्यानं बराच काळ कंपनीला त्या धंद्यात उतरूच दिलं नाही. पोरांनी वडिलांशी भांडून शेवटी रेडिओ काढला तोवर गाडी निघून गेली होती. ऑक्टोबर १९२९ मध्ये कंपनीनं तबकड्या काढणं बंद केलं. ज्या यंत्रावर त्याचा सगळ्यात जास्त जीव होता, त्याचाच धंदा त्याच्या डोळ्यांदेखत गुंडाळला गेला. १८ ऑक्टोबर १९३१ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी वेस्ट ऑरेंजच्या घरी एडिसन गेला. अंत्यसंस्काराच्या दिवशी रात्री अमेरिकेतल्या लोकांनी काही क्षण घरातले दिवे मालवले.

त्याच्या वापरातला एक फोनोग्राफ जपून ठेवलाय. त्याच्या लाकडी चौकटीवर कडेला दातांच्या खुणा आहेत.